पट्ट्याला वजन कुठून आणायचं?

प्लॅस्टिकच्या सैनिकांचं किट उघडलं की आत राखाडी रंगाची एक चौकट निघते. धडं, पाय, हात, डोकी, हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, बंदुका असं सगळं तिला अंतराअंतरावर लटकलेलं असतं. १:३५ या प्रमाणात साडेपाच फुटी जवान उभा केला तर तो ४८ मिलिमीटर भरतो. त्याच्या सदऱ्याची बटणं मोजता येतात, बुटांच्या नाड्या दिसतात, कधीकधी मिशीचा पीळसुद्धा. एवढं सगळं देणारा कारखाना एका गोष्टीपाशी मात्र हात टेकतो. ती गोष्ट म्हणजे खांद्याला अडकवलेल्या बंदुकीचा पट्टा. तो एक तर नसतोच, नाहीतर बंदुकीच्या पोटाला चिकटलेला जाड वरवंटा म्हणून येतो. मध्ये ना हवा, ना फट.

कारण साच्यात आहे. पोलादी साचा दोन भागांचा असतो. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने आत जातं आणि थंड झालं की साच्याचे दोन्ही भाग सरळ रेषेत विलग होतात. ज्या वळणामागे साच्याचं पोलाद अडकून बसेल, ते वळण देताच येत नाही. आणि पट्टा व छाती यांच्यामधली फट हे नेमकं तसलं वळण. दुसरी अडचण जाडीची. पोकळी फार अरुंद असली तर प्लॅस्टिक टोकापर्यंत पोचायच्या आतच थिजतं. म्हणून पट्टा जाड ठेवावा लागतो. इथली अर्धा मिलिमीटर जाडी खऱ्या मापात साडेसतरा मिलिमीटर होते. एवढ्या जाडीचा पट्टा कोणत्याही सैन्यातल्या जवानाच्या खांद्यावर कधी चढलेला नाही.

म्हणून या छंदातले मुरलेले लोक किटमधला पट्टा आधी तासून टाकतात आणि स्वतःचा बनवतात. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ हट्ट वाटतो. जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या पट्टीसाठी अख्खी संध्याकाळ घालवायची म्हणजे काय! पण लहान मूर्ती माणूस वाटते की खेळणं, याचा निकाल चेहऱ्याइतकाच या पट्टीवर लागतो. बंदूक, हेल्मेट, बूट या कठीण वस्तू. लहान केल्या तरी त्यांचा आकार त्यांच्याजवळच राहतो. पट्ट्याचा आकार त्याचा स्वतःचा नसतो. तो कुठे अडकवलाय, कशावर टेकलाय आणि त्याला कोण ओढतंय, यावर तो ठरतो. लहान करताना पट्टा लहान होतो, ओढ मात्र जवळजवळ नाहीशीच होते. ती परत आणणं हेच या कामातलं खरं कसब.

३५ पट लहान, ४२,८७५ पट हलकं

हिशेब करून पाहू. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात भारतीय सैन्यासाठी बनलेली शॉर्ट ली-एनफिल्ड रायफल १,१३० मिलिमीटर लांब आणि साधारण चार किलो वजनाची. तिचा सुती विणीचा पट्टा सव्वा इंच रुंद. १:३५ मध्ये रायफल ३२ मिलिमीटरची होते आणि पट्टा ०.९ मिलिमीटरचा. इथवर सगळं सरळ आहे. वजनाचा हिशेब मात्र वेगळाच लागतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३५ पटींनी घटतात, म्हणजे वस्तूचं आकारमान ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, अर्थात ४२,८७५ पटींनी घटतं. चार किलोची रायफल खऱ्याखुऱ्या लाकडा-पोलादाची करून या मापात आणली तरी ती ९० मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. प्लॅस्टिकची तर त्याहून हलकी. एवढ्याशा वजनाने पट्टा ताणला जाणार कसा?

पट्ट्याचं स्वतःचं वजनही असंच हरवतं. खऱ्या पट्ट्याची दोन टोकं धरून मधला भाग सैल सोडला तर तो झोकात लोंबतो. तोच पट्टा, तीच वीण, हुबेहूब ३५ पटींनी लहान केली, तर स्वतःच्या वजनाने वाकण्याचं त्याचं प्रमाणही ३५ पटींनी कमी होतं. त्यात हुबेहूब लहान करणंही जमत नाही. दोन मिलिमीटर जाडीची वीण इथे ०.०६ मिलिमीटर व्हायला हवी. छपाईचा साधा कागदच ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या मापात साडेतीन मिलिमीटर. आणि जाडी दुप्पट झाली की वाकायला होणारा विरोध आठपट होतो. म्हणून कागदाची पट्टी कापून दोन्ही टोकं चिकटवली की ती इस्त्री केलेल्या कॉलरसारखी ताठ राहते. बंदुकीचं ओझं, पट्ट्याचा झोक, कापडावरचा दाब हे सगळं मग चिमट्याने आणि बोटांनी घडवायचं.

त्यासाठी खरा पट्टा काय करतो ते आधी नीट पाहावं लागतं. बंदूक खांद्याला असली की पट्ट्याच्या दोन्ही बाजू ताणलेल्या असतात. एक खांद्यापासून पुढच्या कडीकडे जाते, दुसरी पाठीमागून दस्त्याच्या कडीकडे. खांद्यावर पट्टा सपाट बसतो, सदऱ्याचं कापड दाबतो आणि मानेच्या बाजूला चुण्या ढकलतो. कड्या बंदुकीच्या रेषेत असतात, खांद्याचा उतार वेगळ्याच दिशेला असतो, त्यामुळे वाटेत कुठेतरी पट्टा अर्धा पीळ खातो. हा पीळ नसला की कुठेतरी काहीतरी चुकतंय हे पाहणाऱ्याला कळतं, काय चुकतंय ते मात्र सांगता येत नाही. बंदूक हातात आडवी धरली तर गोष्ट उलटी. आता पट्ट्यावर काहीच ओझं नाही, तो सैल लोंबतो, आणि बंदूक तिरकी असेल तर झोकाचा तळ मधोमध न राहता खालच्या टोकाकडे सरकतो.

प्रत्येक सैन्याची पट्टा अडकवण्याची तऱ्हाही निराळी. ब्रिटिश-भारतीय ली-एनफिल्डला कड्या खालच्या अंगाला असतात. जर्मन के ९८ के रायफलीचा चामडी पट्टा डाव्या कुशीला असतो आणि दस्त्यात आरपार पाडलेल्या खाचेतून ओवलेला असतो, त्यामुळे ती बंदूक पाठीवर चपटी बसते. रशियन मोसिन-नागानच्या लाकडातच खाचा असतात आणि त्यांतून चामड्याचे छोटे फास घालून त्यांना पट्टा जोडतात. अमेरिकी सैनिकांचा १९०७ सालच्या नमुन्याचा चामडी पट्टा दोन तुकड्यांचा, भोकंच भोकं असलेला, पितळी आकड्यांनी लांबी कमीजास्त करता येणारा. जर्मन शिपायाच्या बंदुकीला पट्टा खालून लोंबताना दिसला की प्रदर्शनातले परीक्षक तिथेच थबकतात.

कागद, टेप आणि मलमाची ट्यूब

पट्ट्यासाठी कुठली वस्तू घ्यायची यावर या छंदात कायम वाद चालतात. कागद स्वस्त असतो आणि रंग चटकन धरतो, पण कापलेल्या कडेला लव निघते. पातळ फेव्हिक्विकचा थेंब कडेवर फिरवला की ती बसते. मात्र मग पट्टी प्लॅस्टिकसारखी कडक होते, म्हणून वळणं आधीच देऊन घ्यावी लागतात. रंगकामाची मास्किंग टेप, विशेषतः मॉडेलसाठी मिळणारी तामियाची पिवळी टेप, बारीक कापली जाते आणि अंगावर दाबली की कापडाच्या घडीत शिरते. तिचा गोंद मात्र वर्षानुवर्षं टिकेल असा नसतो, टोकं वेगळी चिकटवावीच लागतात. प्लॅस्टिकचा सर्वांत पातळ पत्रा ०.१३ मिलिमीटरचा मिळतो. खऱ्या मापात तो साडेचार मिलिमीटर, म्हणजे जाड चामड्याला ठीक, सुती विणीला नाही.

धातूच्या पत्र्याचा गुण वेगळा. वाकवला तसा तो राहतो, परत उसळत नाही. युरोप-अमेरिकेत वाइनच्या बाटलीच्या बुचावर चढवलेलं शिशाचं वेष्टन हा कित्येक वर्षं मॉडेलवाल्यांचा आवडता कच्चा माल होता. पातळ, लुसलुशीत आणि फुकट! पुढे शिशाच्या विषारीपणामुळे ही वेष्टनं गेली. अमेरिकेत १९९६ मध्ये त्यांच्यावर बंदी आली. त्यानंतर कथिलाचे पत्रे आले. शिसं आजही कुणी वापरत असेल तर घासताना त्याची भुकटी उडू न देणं आणि काम झाल्यावर हात साबणाने धुणं हे पथ्य पाळावंच लागतं. आपल्याकडे त्याला सोपा पर्याय घरातच असतो. त्वचेच्या मलमाची ॲल्युमिनियमची ट्यूब रिकामी झाली की उभी चिरायची, धुवायची, काचेवर पसरून बाटलीने सपाट करायची. हे ॲल्युमिनियम मुळातच नरम असतं, दाबलं की दाबलेलंच राहतं.

चौथा मार्ग पुट्टीचा. एम-सीलसारख्या दोन भागांच्या पुट्टीचा गोळा मळून, टाल्कम पावडर शिंपडून पोळीइतकी पातळ लाटायची. पूर्ण घट्ट व्हायच्या आत तिच्या पट्ट्या कापल्या तर त्या अंगावर कापडासारख्या बसतात. सदऱ्यात रुतलेला, घामाने चिकटलेला पट्टा दाखवायचा तर याला तोड नाही. हवेत लोंबणाऱ्या पट्ट्याला मात्र पुट्टी कामाची नाही, ती मोडते. थोडक्यात सांगायचं तर मोकळ्या पट्ट्याला पत्रा, अंगाबरोबरच्या पट्ट्याला टेप किंवा पुट्टी.

राहिली बकलं. तयार मिळतात ती रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्याची. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डसारख्या कंपन्यांनी या धंद्यात नाव कमावलंय. त्यांची किंमत, वर टपाल आणि जकात, असा हिशेब केला की आपल्याकडचे बरेच जण तारेकडे वळतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लोहार चाळीतल्या दुकानांत मोटार वाइंडिंगची तार मागितली की दुकानदार गेज विचारतो. ४२ गेजची तार ०.१ मिलिमीटर जाड असते, खऱ्या मापात साडेतीन मिलिमीटर. बकलाच्या चौकटीला हे माप बरोबर बसतं. दुकानदाराला आपण कुठली मोटार भरतोय हे मात्र सांगता येत नाही.

टेबलावर एक पट्टा

पुण्यातल्या एका निवृत्त बँक अधिकारी काकांकडे हे काम जवळून पाहायला मिळालं. पूर्वेकडच्या खिडकीखाली टेबल, त्यावर काचेचा चौकोन, डोक्याला लावायचं भिंग, दातकोरण्या, आणि रंगांच्या बाटल्या लेबलं वर करून मांडलेल्या.

त्यांची कापणीची युक्ती साधी आहे. दोन ब्लेडांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ तुकडा घालून ती एकत्र बांधलेली. काचेवर पत्रा, वर पोलादी पट्टी, आणि एकाच ओढीत दोन्ही कडा कापल्या जातात. दोन वेगळ्या ओढींत कापलं तर रुंदी कुठेतरी केसभर बदलते, आणि ०.९ मिलिमीटरच्या पट्टीत तो केसभर फरक लगेच डोळ्यावर येतो. कड्यांसाठी ते प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीभोवती तार शेजारी-शेजारी गुंडाळतात आणि त्या गुंडाळीवर एका बाजूने ब्लेड फिरवतात. एका कापात डझनभर सारख्या मापाच्या आयताकृती कड्या सुट्या होतात. त्यांतल्या चारदोन चिमट्यातून उडून फरशीवर जातात. त्या शोधायच्या नाहीत असा काकांचा नियम.

पट्टा बसवण्याआधी त्यांनी सैनिकाच्या खांद्याला हात घातला. टोकदार पात्याने सदऱ्यावर पट्ट्याच्या रुंदीची उथळ पन्हळ कोरली आणि तिच्या मानेकडच्या कडेला दोन बारीक चुण्या उठवल्या. पट्टा अजून काचेवरच होता, पण त्याच्या ओझ्याची खूण कापडावर आधी उमटली. मग पट्टीचा मधला भाग पेन्सिलीवर दाबून तिला खांद्याचं वळण दिलं, ती पन्हळीत टेकवली आणि दातकोरणीच्या टोकाने गोंदाचा ठिपका लावला. आधी मध्य, टोकं नंतर. टोक कडीतून ओवून उलटं दुमडलं, कारण ली-एनफिल्डच्या पट्ट्याच्या टोकाला पितळी आकडा असतो आणि तो परत पट्ट्यालाच धरतो. दस्त्याकडची बाजू ओढून घेताना चिमट्याने पाव फेरी फिरवली. पीळ पडला.

"काका, जरा सैल नको का ठेवायला? फारच ताणलेला वाटतोय."

"अरे, बंदूक खांद्याला आहे ना? चार किलो खाली ओढतायत. सैल राहील कुठून?"

त्यांच्याच सोसायटीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. कपाटातल्या मूर्ती पाहायला ते अधूनमधून येतात. भिंग न लावताच त्यांनी एका जवानाच्या कमरेकडे बोट केलं.

"साहेब, हा परेडला उभा आहे ना? मग पट्ट्याची टोकं अशी मोकळी कशी?"

"लढाईतला फोटो बघून केलाय, हवालदारसाहेब."

"मग त्याला लढाईत उभा करा. परेडला टोकं गुंडाळून आत."

काकांनी तो जवान परेडच्या ओळीतून काढला आणि मातीच्या बांधावर चढवला. टोकं तशीच राहिली, जागा बदलली.

रंगकामात पहिलं काम सावलीचं. एवढ्या लहान मूर्तीवर खोलीतल्या उजेडाची सावली पट्ट्याखाली जेमतेम पडते, म्हणून ती ब्रशने घालावी लागते. पातळ तपकिरी तैलरंगाची रेघ पट्ट्याच्या कडेला सोडली की पट्टा अंगापासून सुटा दिसतो. सुती पट्ट्याचा रंगही एकच नसतो. ब्रिटिश आणि भारतीय जवान आपल्या वेबिंगला, म्हणजे अंगावरच्या सुती विणीच्या पट्ट्या-पाउचना, ब्लँको नावाचा लेप लावत. शेफिल्डच्या जोसेफ पिकरिंग कंपनीचं हे उत्पादन. त्याच्या हिरवट खाकी छटांपैकी तीन नंबरची छटा प्रसिद्ध. लेप चोळणारा हात वेगळा, लेपाचे थर वेगळे, त्यावर ऊन-पाऊस वेगळा. एकाच तुकडीतल्या दोन जवानांचे पट्टे अगदी एका रंगाचे निघाले तर रंगवणाऱ्याने बाटली एकच वापरली, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

खेळण्यापासून मूर्तीपर्यंत

हा सोस आधीपासून नव्हता. लंडनच्या विल्यम ब्रिटनच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली आणि खेळण्यातल्या सैन्यांचा भाव उतरला. त्या सैनिकांचे पट्टे म्हणजे रंगाच्या रेघा. दिवाळीत आपल्या अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर उभे राहणारे मावळेही तसेच. शेला, कमरबंद, तलवारीचा पडदळा सगळं ब्रशच्या एका फटकाऱ्यात, आणि ते बरोबरच आहे. तो मावळा बुरुजावर, अळीवाच्या हिरवळीपलीकडे, चार हातांवरून बघायचा असतो. तिथे रेघ पुरते.

बघणारा जवळ आला तसं काम बदललं. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या हिस्टोरेक्स कंपनीने नेपोलियनच्या सैन्याच्या ५४ मिलिमीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या मूर्ती काढल्या. त्यांच्या पेटीत घोड्याच्या लगामांसाठी आणि सैनिकांच्या पट्ट्यांसाठी पातळ प्लॅस्टिकचा पत्रा मिळे. पट्ट्या आपणच कापायच्या आणि डोळ्यांत तेल घालून बकलं जोडायची. कारखान्याने हे काम उघडपणे ग्राहकाच्या हाती सोपवलं. जपानच्या तामियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपला पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील असा त्याचा आकार ठरवला, आणि त्यातून निघालेलं १:३५ हे प्रमाण पुढे जगभर रूढ झालं. त्याच प्रमाणात मग सैनिकही आले. शिकागोच्या शेपर्ड पेन यांचं डायोरामावरचं, म्हणजे मूर्तींच्या छोट्या देखाव्यांवरचं, पुस्तक १९८० मध्ये निघालं आणि मूर्ती ही गोष्ट सांगणारी असते हा विचार या छंदात रुजला. आणि गोष्ट सांगायची तर पट्टा गप्प बसून चालत नाही.

इटली, १० जुलै १९४४

उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी झाला. ते एकटेच मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, एकाला टॉमीगनने टिपलं, आणि मॅगझिन बदलायला सवड नव्हती तेव्हा गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते त्याच मोर्चात पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या लढाईजवळच्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

हा क्षण ४८ मिलिमीटरमध्ये आणायचा म्हणजे काय काय ठरवावं लागतं ते पाहा. अंगावर १९३७ च्या नमुन्याचं सुती वेबिंग: सव्वादोन इंची कमरपट्टा, छातीवर दोन मोठे पाउच, आणि दोन खांदपट्टे. हे खांदपट्टे एरवी एक इंच रुंद, फक्त खांद्यावरच्या भागात दोन इंच. मूर्तीत हा पट्टा ०.७ मिलिमीटरवरून जवळजवळ दीड मिलिमीटर रुंद व्हायला हवा आणि परत निमुळता. पाठीवर दोन्हींची फुली पडते, एकावरच्या फासातून दुसरा जातो. टोकांना पितळेच्या टोप्या. हात डोक्यावर उगारला की खांदा वर जातो, त्या बाजूचा खांदपट्टा सैल पडतो, दुसरा ताणतो, आणि कमरपट्टा एका अंगाला वर ओढला जातो. किटमधली धडं सरळ उभ्या जवानाची असतात. त्यांना उगारलेले हात जोडले आणि पट्टे तसेच ठेवले, तर शरीर एक गोष्ट सांगतं आणि पट्टे दुसरीच.

आणि टॉमीगनचा पट्टा? पदकाच्या उल्लेखपत्रात त्याबद्दल शब्द नाही, पण मूर्ती घडवणाऱ्याला तिथे मौन पाळता येत नाही. पट्टा नाही असं ठरवलं तर रिकाम्या कड्या दाखवायला हव्यात. आहे असं ठरवलं तर तो लोंबून चालणार नाही. पावणेपाच किलोची गन नळीकडून धरून फिरवली जाते आहे, दस्ता पुढे झेपावतोय, पट्टा त्याच्या मागे राहून फेकला जातोय. आता ओढ खाली नाही, मागे आणि बाहेर आहे. इथे पत्र्याशिवाय गत्यंतर नाही. आणि पट्टीला वळण देताना डोळ्यांसमोर बंदूक नको, तिच्या फिरण्याची दिशा हवी.

त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून चढणीवर उचलून नेलं. मग ते टॉमीगन घेऊन शत्रूच्या मशीनगनवर चाल करून गेले. हाताला गोळी लागून गन चालवता येईना तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी ग्रेनेड हाती घेतले. इथे पट्ट्याच्या दोन निराळ्याच अवस्था हाताशी येतात. पाण्यातून वर आलेलं सुती वेबिंग गडद पडतं, जड होतं, सदऱ्याला बिलगतं. ते पुट्टीनेच साधेल. आणि जमिनीवर टाकलेल्या गनचा पट्टा कशावरच टांगलेला नसतो. त्याचा एखादा फेरा मातीवर, एखादा गनवर, एखादा कडेवर उभा. सरळ रेघ कुठेच नाही.

जे आधी कुजतं

हे सगळं शोधायचं कुठे? संग्रहालयात धातू टिकतो. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन, विजयंता, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन असे अनेक रणगाडे पाहता येतात. चिलखताची जाडी, वेल्डिंगची रेघ, चाकांचे बोल्ट सगळं समोर असतं. पण उघड्यावर ठेवलेल्या कुठल्याही रणगाड्यावर फावडी, कुदळी, ताडपत्री बांधायचे पट्टे शोधू लागलात तर बहुधा हाती येतात त्या रिकाम्या कड्या. चामडं वाळून चिरतं, सुती वीण पावसात कुजते. लढाईतून सर्वांत आधी नाहीसे होतात ते पट्टे.

मग उरतात फोटो. इटलीतल्या भारतीय पलटणींचे त्या काळी अधिकृतपणे काढलेले बरेच फोटो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत. मॉडेलवाले ते फोटो इतिहासकारापेक्षा वेगळ्या नजरेने वाचतात. चेहरा, ठिकाण, तारीख त्यांना नंतर हवी असते. आधी पाहायचं ते असं: पाण्याच्या बाटलीच्या वजनाने कमरपट्टा किती कलला आहे, बसलेल्या जवानाच्या मांडीवर बंदुकीचा पट्टा कसा विसावला आहे, धावताना पाउच कुठल्या बाजूला हेलकावा घेतो आहे. फोटोतल्या माणसाला ते ओझं खरोखर जाणवत होतं, आणि पट्टे त्याची जबानी देतात.

आता रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरने हा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. तिथे दोन भागांचा साचा नाही, त्यामुळे फटीची अडचण नाही. थर ०.०५ मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ, त्यामुळे पट्टा बारीक होतो, बकलाची जीभसुद्धा छापली जाते. संगणकावर कापडाला वजन देऊन ते कसं पडेल हेही काढता येतं. पण वजन किती द्यायचं, बंदूक भरलेली की रिकामी, जवान दमलेला की ताजातवाना, पट्टा नवा करकरीत की दोन वर्षं वापरून मऊ पडलेला, हे संगणकाला सांगावं लागतं. ज्याने ते सांगितलं नाही त्याच्या छापलेल्या मूर्तीतही पट्टा ताठच निघतो, फक्त जास्त सफाईने. यंत्राने कापणी आणि जोडणीचे कष्ट वाचवले, विचार करण्याचे नाही. आणि एकदा विचार झाला असेल तर मलमाच्या ट्यूबचा तुकडाही तेवढंच सांगून जातो.

कुठे मॉडेलचं प्रदर्शन भरलं तर तिथल्या मूर्तींपुढे नुसतं 'किती बारीक काम!' म्हणून पुढे सरकू नका. एखाद्या जवानाचा पट्टा निवडा आणि त्याला तीन प्रश्न विचारा. तू कशाला अडकलायस? कशावर टेकलायस? तुला कोण ओढतंय? उत्तरं स्पष्ट मिळाली तर समजा, हातात ब्लेड घेण्याआधी करणाऱ्याने त्या जवानाचं ओझं आपल्या खांद्यावर घेऊन पाहिलं होतं.